मोजलेलं आणि मानलेलं

आपण ‘फोटो काढला’, ‘एक्स-रे काढला’ म्हणतो, तसंच ‘एमआरआय काढला’ असंही म्हणतो. पहिल्या दोन ठिकाणी क्रियापद बरोबर आहे. प्रकाश काय किंवा क्ष-किरण काय, समोरच्या वस्तूकडून येतात आणि फिल्मवर उमटतात. मधे कुणी हिशेब करत बसत नाही. तिसऱ्या ठिकाणी मात्र काढण्यासारखं काही नसतंच. एमआरआयच्या बोगद्यात भिंग नाही, फिल्म नाही, कशाची सावलीही पडत नाही. यंत्राच्या हाती लागते ती आकड्यांची रास. ती जशीच्या तशी कागदावर छापली, तर मधोमध उजळ आणि कडांकडे विरत गेलेला एक डाग दिसेल. गुडघा त्यात कुठेच दिसणार नाही. गुडघा नंतर, गणितानं तयार होतो.

त्या ‘नंतर’चा इतिहास मला इथे सांगायचा आहे. पदवी भौतिकशास्त्राची असली, तरी माझं बरंचसं आयुष्य मोडी कागद वाचण्यात गेलं. त्यामुळे या विषयावरचे जुने शोधनिबंध वाचताना माझं लक्ष यंत्रापेक्षा पुराव्याकडे जास्त गेलं. कसरीनं खाल्लेल्या पत्राचा मजकूर किती उभा करायचा, आणि तो आपण उभा केला आहे हे वाचकाला कसं कळवायचं, हा आमच्या धंद्यातला रोजचा प्रश्न. एमआरआयच्या इतिहासात तोच प्रश्न निराळ्या वेषात भेटतो.

सुरुवात रुग्णालयात नाही, आकाशात आहे. १९५०च्या दशकात सिडनीजवळ पॉट्स हिल नावाच्या जलाशयाच्या काठावर ख्रिस क्रिस्तियान्सन यांनी लहान रेडिओ तबकड्यांची रांग उभारली होती. सूर्याचं रेडिओ लहरींतलं रूप त्यांना पाहायचं होतं. अडचण अशी की, एका ओळीतल्या तबकड्यांना सूर्याचा ठिपका न् ठिपका वेगळा दिसत नाही. दिसते ती एका उभ्या पट्टीतल्या सगळ्या तेजाची बेरीज. ही पट्टी सूर्यबिंबावरून सरकत जाते आणि बेरजांची एक ओळ मिळते. पृथ्वी फिरते तशी पट्टीची दिशा बदलते, आणि दुसरी ओळ मिळते. अशा अनेक ओळींतून मूळ बिंब परत कसं मिळवायचं? हे काम तेव्हा गणनयंत्राची बटणं दाबत, माणसांनी, महिनोन् महिने केलं. कोलंबो योजनेच्या शिष्यवृत्तीवर तिथे गेलेले गोविंद स्वरूप हे त्या माणसांपैकी एक.

त्याच सुमारास रॉन ब्रेसवेल यांनी या प्रश्नाचं गणित नीट मांडलं. त्यांचा पट्टी-बेरजांवरचा निबंध १९५६चा. सगळ्या दिशांच्या बेरजा हाती असतील तर मूळ आकृती मिळतेच, हे योहान राडॉन या ऑस्ट्रियन गणितज्ञानं १९१७ मध्येच सिद्ध करून ठेवलं होतं, पण त्याचा पत्ता तेव्हा या मंडळींना नव्हता. पुढे सीटी स्कॅनच्या गणितासाठी नोबेल मिळवणाऱ्या ॲलन कॉरमॅक यांनीही १९६३-६४ मध्ये तेच सूत्र आपल्या वाटेनं शोधलं, आणि राडॉन त्यांना बऱ्याच वर्षांनी सापडला. एकच विहीर निरनिराळ्या माणसांनी पुन्हा पुन्हा खणली.

स्वरूप पुढे स्टॅनफर्डला ब्रेसवेल यांचेच विद्यार्थी झाले, १९६३ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले, आणि पॉट्स हिलच्या त्या सहा-सहा फुटी ३२ तबकड्या, ज्या ऑस्ट्रेलियानं भारताला देऊन टाकल्या होत्या, १९६५ मध्ये कल्याणला उभ्या राहिल्या. नारायणगावजवळच्या खोडदची ३० तबकड्यांची प्रचंड दुर्बीण सगळ्यांना माहीत असते. कल्याणची कुणाला आठवतही नाही. रेडिओ दुर्बिणीतून एमआरआय जन्मला असं मी म्हणत नाही. तसं म्हणणं चूक ठरेल. पण तुकड्यांच्या बेरजांतून पूर्ण चित्र उभं करण्याची विद्या आधी इथे पिकली, आणि पुढे तिच्यात आलेली प्रत्येक युक्ती या ना त्या रूपात या क्षेत्रात दिसते.

आता शरीराकडे. पाण्याच्या रेणूतल्या हायड्रोजनचं केंद्रक चुंबकीय क्षेत्रात भोवऱ्यासारखं डुलतं. त्या डुलण्याची गती क्षेत्राच्या बळावर ठरते: एक टेस्ला क्षेत्रात सेकंदाला सुमारे ४ कोटी २६ लाख फेरे. त्याच गतीची रेडिओ लहर दिली की केंद्रक ती घेतं आणि मग स्वतः क्षीण सूर काढतं. फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांनी १९४६ मध्ये हे द्रव आणि घन पदार्थांत दाखवलं आणि १९५२चं नोबेल वाटून घेतलं. ब्लॉख यांच्या प्रयोगशाळेत काम केलेले एस. एस. धर्मट्टी यांनी टाटा संस्थेत या विषयाचा पाया घातला, आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत जी. सूर्यन यांनी १९५१ मध्येच वाहत्या द्रवातलं अनुस्पंदन मोजलं. पण हा सारा रसायनाचा आणि भौतिकीचा व्यवहार होता. परीक्षानळीतला सगळा द्रव एकाच सुरात बोलावा म्हणून चुंबकीय क्षेत्र जितकं एकसारखं करता येईल तितकं करायचं, हा धर्म होता. क्षेत्रातला चढउतार हा शत्रू.

१९७१ मध्ये न्यूयॉर्कचे डॉक्टर रेमंड डमॅडियन यांनी उंदरांच्या गाठींतला सूर निरोगी ऊतींपेक्षा वेगळ्या वेगानं विरतो, असं ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध केलं. त्या उन्हाळ्यात पॉल लॉटरबर हे रसायनशास्त्रज्ञ पिट्सबर्गजवळच्या एका छोट्या उपकरण-कंपनीचं काम पाहत होते. तिथे एक तरुण संशोधक हाच प्रयोग पडताळायला आला. लॉटरबर यांनी आकडे पाहिले. फरक खरा होता. पण त्यासाठी उंदीर मारून ऊती कापून काढावी लागत होती. शरीर न कापता, हा सूर शरीराच्या कुठल्या जागेवरून येतो हे कसं कळेल? त्या संध्याकाळी खाणावळीत बसल्या बसल्या त्यांना उत्तर सुचलं. क्षेत्र मुद्दाम असमान करायचं. एका बाजूला किंचित जास्त, दुसऱ्या बाजूला किंचित कमी. मग डावीकडचं पाणी एका सुरात बोलेल, उजवीकडचं दुसऱ्या. सूर सांगेल जागा. ज्याला सगळे शत्रू मानत होते तोच कामाला लावायचा. त्यांनी लगेच एक वही विकत घेतली, त्यात हे लिहून काढलं आणि साक्षीदाराची सही घेतली. आमच्या दफ्तरांतल्या साक्षमोर्तबाची आठवण यावी असा प्रकार!

त्यांचा निबंध ‘नेचर’नं आधी नाकारला आणि १६ मार्च १९७३ला छापला. त्यातलं चित्र अगदी साधं आहे: जड पाण्याच्या एका नळीत साध्या पाण्याच्या दोन बारीक नळ्या. डोळ्यांना दोन्ही पाणी सारखंच नितळ. चित्रात मात्र दोन गोळे स्पष्ट. चार दिशांनी पट्टी-बेरजा घेतल्या आणि त्यांवरून ते उभं केलं, म्हणजे पॉट्स हिलचीच रीत. ग्रीक भाषेत जोखडाला जो शब्द आहे त्यावरून त्यांनी या तंत्राला ‘झ्युग्मॅटोग्राफी’ असं तोंड वाकडं करायला लावणारं नाव दिलं. ते टिकलं नाही याचं कुणाला दुःख नसावं. पुढच्याच जानेवारीत, १९७४ मध्ये, मुंबईत चुंबकीय अनुस्पंदनाचा पाचवा आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरला, आणि लॉटरबर यांनी या नव्या तंत्रावर तिथे व्याख्यान दिलं.

डमॅडियन यांनी वेगळी वाट धरली. चुंबकात एकच अशी जागा ठेवायची जिथून सूर येईल, आणि माणसाला त्या जागेवरून इंचाइंचानं सरकवायचं. ३ जुलै १९७७ला त्यांनी आपल्या सहकाऱ्याच्या छातीचा असा छेद घेतला. पावणेपाच तास लागले. चित्र ओबडधोबड होतं. या प्रसंगाची बहुतेक लोक टिंगल करतात, आणि २००३चं नोबेल लॉटरबर आणि नॉटिंगहॅमचे पीटर मॅन्सफिल्ड यांना गेल्यावर डमॅडियन यांनी वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन जो थयथयाट केला त्यानं टिंगलीला जोर आला. पण मला त्या चित्राबद्दल आदर वाटतो. त्यातला बिंदू न् बिंदू खरोखर मोजलेला होता. गणितानं काही भरलेलं नव्हतं. एमआरआयच्या इतिहासात असं चित्र पुन्हा सहसा झालं नाही, कारण पावणेपाच तास निश्चल पडून राहणारा रुग्ण कुठून आणायचा?

पुढचं पाऊल झुरिकचं. रिचर्ड अर्न्स्ट यांनी एप्रिल १९७४ मध्ये एका परिषदेत लॉटरबर यांना ऐकलं, आणि पट्ट्या फिरवत बसण्याची गरज नाही हे त्यांच्या लक्षात आलं. आधी एका दिशेचा चढ द्यायचा, मग काटकोनातल्या दिशेचा. पहिल्याचा अवधी दर वेळी थोडा बदलायचा. असं केलं की हाती येणारे आकडे सरळ फूरिये यांच्या गणिताच्या भाषेत असतात. उष्णता कशी वाहते हे समजून घेताना जोसेफ फूरिये यांनी १९व्या शतकाच्या आरंभी सांगितलं होतं की कुठलाही आकार लहानमोठ्या लाटांच्या बेरजेनं लिहिता येतो. एमआरआयचं यंत्र त्या लाटाच मोजतं: चित्रात रुंद लाट किती, अरुंद किती, कुठल्या दिशेची किती. हे प्रत्यक्ष करून दाखवणाऱ्या १९७५च्या निबंधावर पहिलं नाव आहे अनिल कुमार यांचं. ते आयआयटी कानपूरमधून डॉक्टरेट घेऊन अर्न्स्ट यांच्याकडे गेले होते आणि नंतर बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत परतले. आज जगातलं जवळजवळ प्रत्येक यंत्र त्या निबंधाच्या वंशातलं आहे. ॲबर्डीनच्या गटानं १९८० मध्ये त्यात सुधारणा केली (अवधी तोच ठेवून चढाचं बळ बदललं), आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये खऱ्या रुग्णाचं उपयोगी चित्र मिळालं.

लाटांच्या या वहीला तंत्रज्ञ ‘के-स्पेस’ म्हणतात. तो मघाचा मधे उजळ डाग म्हणजे हीच वही. मधल्या भागात रुंद लाटा: ठोकळ आकार, उजेड-अंधार. कडांना अरुंद लाटा: बारीक तपशील. हिचा कुठलाही एक आकडा गुडघ्याच्या कुठल्याही एका जागेचा नसतो. प्रत्येक आकड्यात सगळा गुडघा थोडा थोडा असतो. म्हणून एक ओळ गहाळ झाली तर चित्रात एका जागी भोक पडत नाही. सगळ्या चित्रावर भुतासारख्या दुहेरी छाया पसरतात.

आणि वही ओळीओळीनं भरावी लागते. २५६ ओळी, दोन ओळींत दोन सेकंद, म्हणजे साडेआठ मिनिटं. तीही एका प्रकारच्या चित्राला, आणि तपासणीत असे प्रकार अनेक. घाई करता येत नाही. केंद्रकांना मूळ स्थितीत यायला वेळ लागतोच. चढउतार फार झपाट्यानं बदलले तर रुग्णाच्या नसा उद्दीपित होऊन स्नायू फडफडतात. बोगद्यात जो ठकठक आवाज कानठळ्या बसवतो तो हे चढउतार बदलताना कॉइल थरथरतात त्याचा. मॅन्सफिल्ड यांनी १९७७ मध्येच सगळी वही एका दमात नागमोडी भरण्याची रीत सुचवली, आणि मेंदूच्या तातडीच्या तपासण्यांत ती आज अपरिहार्य आहे, पण तिच्यात तपशील कमी आणि चित्र वाकतं. तेव्हा उरला एकच मार्ग. ओळी कमी घ्यायच्या.

पहिली काटकसर रोखीची होती. १९९७ मध्ये बॉस्टनला डॅनियल सोडिक्सन आणि १९९९ मध्ये झुरिकला क्लास प्रूसमन यांनी एकाऐवजी अनेक कॉइल वापरून निम्म्या किंवा तिसऱ्या हिश्श्याच्या ओळींवर काम भागवलं. मांडवाच्या चार कोपऱ्यांत बसलेल्या चौघांना एकच कीर्तन वेगवेगळं ऐकू येतं. जवळचं मोठ्यानं, लांबचं हळू. चौघांच्या नोंदी ताडून पाहिल्या तर कोण कुठून बोललं ते कळतं. इथे गाळलेल्या ओळींच्या बदल्यात दुसरी, तितकीच खरी मोजणी होती. किंमत मोजावी लागली ती चित्रातल्या खरखरीची.

दुसरी काटकसर उधारीची. २००४च्या सुमारास कॅलिफोर्नियात एमानुएल कांदेस एका ठरीव चाचणी-चित्रावर प्रयोग करत होते. के-स्पेसमधल्या फक्त २२ रेघा ठेवल्या आणि सोबत एक अट घातली: उत्तर असं हवं की त्यात विनाकारण चढउतार नसावेत. थोडं सुधारेल अशी अपेक्षा होती. चित्र हुबेहूब परत आलं. टेरेन्स टाओ, जस्टिन रॉम्बर्ग आणि दुसरीकडे डेव्हिड डॉनहो यांनी हे का घडतं ते सिद्ध केलं, आणि २००७ मध्ये मायकेल लस्टिग यांनी डॉनहो व जॉन पॉली यांच्यासह ते एमआरआयला लावून दाखवलं. रेडिओ खगोलातल्यांना यात ओळखीचं काही दिसलं असणार: आकाश बहुतेक रिकामं असतं एवढं मानून यान हॉगबॉम यांनी १९७४ मध्येच अपुऱ्या मोजणीतून चित्र स्वच्छ करण्याची रीत दिली होती.

हे मला कळलं ते मायन्यामुळे. जुन्या पत्राची पहिली ओळ फाटून नुसतं ‘राजश्रिया विराजित राजमा’ उरलं असेल, तर पुढचं कुणीही नवशिका भरेल. मायना ठरलेला आहे. मजकुरात पुनरुक्ती आहे म्हणून गाळलेलं परत मिळतं. गुडघ्याच्या चित्रातही मायना पुष्कळ असतो: हाडाचा सलग पांढरेपणा, चरबीचा सलग पट्टा. तो भरायला मोजणीची गरज नाही. पण त्याच पत्रात पुढे ‘स्वार’ या शब्दाआधीचा आकडा कसरीनं खाल्ला असेल, तर तो राजवाड्यांनाही भरता येणार नाही.

लस्टिग यांच्या पद्धतीतली अट निदान उघड होती. सूत्रात लिहिलेली, वाचता येणारी. गेल्या दहा वर्षांत तिची जागा शिकाऊ जाळ्यांनी घेतली. हजारो पूर्ण चित्रं दाखवायची आणि अपुऱ्यावरून पूर्ण कसं करायचं ते संगणकाला स्वतःच शिकू द्यायचं. न्यूयॉर्क विद्यापीठ आणि फेसबुक यांनी २०१८ मध्ये यासाठी एकत्र प्रकल्प सुरू केला आणि गुडघ्यांची मूळ मोजणी सर्वांना खुली केली. निकाल थक्क करणारे आहेत. चौपट वेगानं घेतलेली गुडघ्याची चित्रं आणि नेहमीची चित्रं यांवरून तज्ज्ञांनी केलेल्या निदानात, २०२०च्या एका अभ्यासात, दखल घ्यावा असा फरक पडला नाही. भूल देऊन बोगद्यात ठेवावं लागणारं मूल, पाठ टेकवत नाही असा म्हातारा, बाहेर बाकावर बसलेली रांग, या सगळ्यांना चौपट वेग म्हणजे काय ते सांगायला नको. मी या तंत्राच्या विरोधात नाही. शरीरात बरंचसं मायन्यासारखं आहे, आणि ते दर वेळी नव्यानं मोजत बसणं हा अपव्यय आहे.

पण त्याच वर्षी वेगार्ड अंतुन, अँडर्स हान्सन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या पत्रिकेत दाखवलं की मोजणीत नकळेल इतका फेरफार केला तर काही जाळी चित्रात नसलेलं काही उमटवतात, आणि लहानसा खरा तपशील काही वेळा पुसूनही टाकतात. न्यूयॉर्कच्याच प्रकल्पानं भरवलेल्या स्पर्धेतही मेंदूच्या काही चित्रांत असलेलं गाळलेलं आणि नसलेलं रेखलेलं सापडलं, आणि परीक्षकांनी ते प्रामाणिकपणे छापलं. चिंतेची गोष्ट चूक ही नाही. जुन्या पद्धतीही चुकत. पण त्यांची चूक चुकीसारखी दिसे: दुहेरी छाया, खरखर, धूसरपणा. डॉक्टर ती ओळखत. नव्या पद्धतीची चूक शरीरासारखी दिसते. जाळं शिकतं ते बहुतेक गुडघे कसे असतात ते, आणि डॉक्टर शोधत असतो ती या एका गुडघ्यात बहुतेकांहून निराळी असलेली गोष्ट. स्वारांचा आकडा.

मोडी कागद छापताना संपादक फाटलेल्या जागी टिंबं देतो, आणि तर्कानं भरलेलं अक्षर कंसात घालतो. कंस न घालता भरणारा संपादक कितीही विद्वान असो, त्याच्या प्रतीवर कुणी विसंबत नाही. एमआरआयच्या चित्रात असा कंस अजून नाही. चित्राच्या कुठल्या भागाला मोजणीचा आधार किती आणि अनुमानाचा किती, हे वेगळ्या रंगात दाखवण्याचे प्रयत्न प्रयोगशाळांत चालू आहेत, पण डॉक्टरसमोर येतं ते सगळीकडे सारखंच रेखीव, सारखंच ठाम चित्र. वेग आणखी वाढवण्याआधी हा कंस यावा असं मला वाटतं. डोक्याशी ढकलत आणता येणारी, साध्या प्लगवर चालणारी ०.०६४ टेस्लाची यंत्रं २०२० पासून आली आहेत. त्यांचा सूर इतका क्षीण आहे की चित्राचा मोठा भार गणितावरच पडतो, आणि मोठी यंत्रं जिथे पोचत नाहीत तिथे नेमकी हीच पोचतील. म्हणजे अनुमानाचा वाटा जास्त असलेलं चित्र पाहणाऱ्याच्या शेजारी दुसरं मत द्यायला कुणी असण्याची शक्यताही कमी.

आणि अस्सल कागदाचं काय? के-स्पेसची ती वही, जिच्यातून उद्या अधिक चांगल्या गणितानं अधिक खरं चित्र उभं करता येईल, रुग्णालयं सहसा जपत नाहीत. ती फार जागा खाते. प्रतिमा तयार झाल्या, दफ्तरात गेल्या, की मूळ आकडे यंत्राच्या डिस्कवर पुढच्या रुग्णांसाठी जागा करत पुसले जातात. न्यूयॉर्कच्या प्रकल्पाला म्हणूनच ती मुद्दाम वेगळी साठवून ठेवावी लागली होती. रुग्णाला मिळणाऱ्या मोठ्या पाकिटात फिल्म असते, अहवाल असतो, हल्ली एखादी सीडीही असते. तिच्यावर असतात त्या तयार प्रतिमा.